बिंदुनामावली आणि मोजपट्टी

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या कमला भागवत यांनी बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, संशोधनासाठी अर्ज केला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. गुण उत्तम. तरीही अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, तीनच वर्षांपूर्वी नोबेल मिळालेले. नकाराचं कारण त्यांनी लपवलंही नाही: अर्जदार मुलगी आहे.

कमलाबाई थेट संचालकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि प्रवेशाचा हट्ट त्यांनी सोडला नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष उमेदवारीचं. काम पसंत पडलं तरच पुढे नाव लागणार. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्री उशिरापर्यंतही, काम करायचं. आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडवायचं नाही, म्हणजे तिथल्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही.

यातली तिसरी अट पुन्हा वाचावी. लक्ष पुरुषांचं, ते सांभाळायचं त्यांनीच; पण ते ढळलं तर जबाबदार बाई. अशा अटी संस्थेच्या नियमावलीत छापलेल्या नसतात. त्या विभागप्रमुखाच्या खोलीत तोंडी ठरतात, माणसागणिक बदलतात, आणि ज्याला लागू होतात त्याच्याशिवाय कोणाला दिसत नाहीत.

कमलाबाईंचं वर्ष यथासांग पार पडलं. प्रथिनांवरचं काम करून त्यांनी एम.एस्सी. मिळवली, मग केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएच.डी. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे श्वसनाशी निगडित प्रथिन असतं, हे दाखवणारं त्यांचं तिथलं काम. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या, मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा आणि कडधान्यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन करत राहिल्या आणि पुढे तिच्या संचालकही झाल्या. मराठी वाचक त्यांना दुर्गा भागवतांच्या बहीण म्हणून ओळखतात. विज्ञानाच्या इतिहासात त्यांची ओळख त्याहून बरीच मोठी आहे.

ही गोष्ट आपण सहसा इथे थांबवतो: जिद्दी मुलगी, पाघळलेला संचालक, उघडलेलं दार. रामन यांनी नंतर आणखी मुलींना घेतलं, हे खरं. पण त्यांच्यापैकी ॲना मणी यांचं काय झालं ते पाहिलं की चित्र बदलतं. १९४०च्या दशकात मणी रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम करत होत्या. शोधनिबंध प्रसिद्ध झाले, प्रबंध लिहून तयार झाला, १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठाकडे गेला. विद्यापीठाने पदवी नाकारली, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी. नव्हती. इतिहासकार आभा सूर यांनी या काळावर केलेल्या संशोधनातून दिसतं की रामन यांच्या प्रयोगशाळेत मुलामुलींनी एकमेकांशी बोललेलं त्यांना खपत नसे. मणी पुढे हवामान खात्यात आल्या, पुण्यात त्यांनी हवामानमापनाची उपकरणं देशातच घडवण्याचं मोठं काम उभं केलं. भौतिकशास्त्रातली ती पदवी मात्र त्यांना शेवटपर्यंत मिळाली नाही.

म्हणजे प्रवेश मिळाला. पदवी मिळाली नाही आणि सहकाऱ्यांशी चर्चाही मिळाली नाही. या प्रकरणाचा विषय तोच आहे. विज्ञान विभाग सर्वांचा होण्यासाठी तीन गोष्टी लागतात: आत यायची वाट, आत आल्यावर कामाची साधनं, आणि विभागात चाललेल्या बोलण्यात जागा. या तिन्ही गोष्टी कोणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडल्या की मोठ्या मनाचा माणूस निवृत्त होताच पहिले पाढे पंचावन्न. लेखी नियम आणि नोंदवलेला आकडा एवढंच मागे उरतं.

भरलेला वर्ग, रिकामा जिना

अमेरिकेत किंवा युरोपात या विषयाची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न येतो, मुली विज्ञानाकडे का वळत नाहीत? आपल्याकडे हा प्रश्न गैरलागू आहे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत मिळून ५७.२ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत मुली २९.८ लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या वर्गात डोकावलं तर मुलींचे बाक भरलेले दिसतात.

आता त्याच जिन्याने वर जाऊ. ‘बायसवॉच इंडिया’ या संशोधकांच्या गटाने शंभराच्या आसपास विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधल्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागांची प्राध्यापक-यादी तपासली, तेव्हा स्त्रियांचं प्रमाण सुमारे १७ टक्के निघालं. अर्ध्याहून जास्त ते सहातली एक, ही घसरण पीएच.डी. आणि कायम नोकरीच्या दरम्यान होते.

याचं ठरलेलं उत्तर म्हणजे लग्न आणि मुलंबाळं. पुण्यात वाढलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले यांना हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. राम रामस्वामी यांच्यासोबत त्यांनी २००८ मध्ये भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचं ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक संपादित केलं. दोनच वर्षांनी त्या सहभागी असलेल्या एका पाहणीत पीएच.डी. होऊनही संशोधनाबाहेर पडलेल्या स्त्रियांना कारणं विचारण्यात आली. घरच्या जबाबदाऱ्यांपेक्षा ‘नोकरीच मिळाली नाही’ हे कारण पुढे आलं. घराकडे बोट दाखवणं संस्थांना सोयीचं असतं, कारण घर दुरुस्त करणं हे संस्थेचं काम नाही. नोकरी देणं मात्र आहे.

जातीच्या बाबतीत हा जिना आणखी निमुळता होतो. जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकाने माहिती अधिकारातून आणि अधिकृत आकडेवारीतून मिळालेले आकडे छापले. देशातल्या अव्वल पाच आयआयटींमध्ये प्रोफेसर या सर्वोच्च श्रेणीतले ९८ टक्के लोक आरक्षित प्रवर्गांबाहेरचे होते. या संस्थांना आरक्षण लागू असताना हा आकडा येतो कसा? त्याचं उत्तर शोधायला बिंदुनामावली उघडावी लागते.

चौथा, सातवा, चौदावा

बिंदुनामावली हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजच्या कचेरीत रोज ऐकू येतो. प्राध्यापक मंडळी त्याला रोस्टर म्हणतात. संवर्गातली पदं क्रमाने लिहायची आणि कोणता क्रमांक कोणत्या प्रवर्गाला, हे आधीच ठरवून ठेवायचं. कंटाळवाणा कागद. पण विभागात कोण असेल हे त्या कागदावर जितकं ठरतं, तितकं कुठल्याही भाषणात ठरत नाही.

केंद्रीय संस्थांमध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना ७.५ टक्के आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा. टक्केवारी कागदावर सोपी असते. माणसं मात्र अखंड असतात. चार पदं झाली की २७ टक्क्यांचा हिशेब एकाच्या वर जातो, म्हणून चौथं पद ओबीसी. सातव्या पदाला १५ टक्क्यांचा हिशेब एक ओलांडतो, म्हणून सातवं अनुसूचित जातीला. साडेसात टक्के एकाच्या वर जायला चौदावं पद उजाडावं लागतं. ते अनुसूचित जमातीला. तिन्ही टक्केवाऱ्या एकही अपूर्णांक न उरता बसाव्यात असं वाटत असेल तर किमान २०० पदांची यादी लागते: ३०, १५ आणि ५४, मिळून ९९, उरलेली १०१ या तीन प्रवर्गांबाहेरची. दोनशे बिंदूंची नामावली येते ती इथून.

आता प्रश्न असा की ही पदं मोजायची कुठे? सगळ्या विद्यापीठाची एकत्र, की प्रत्येक विभागाची वेगळी? एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निकाल दिला की विभाग हेच एकक धरावं. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसं परिपत्रक काढलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाविरुद्धची याचिका फेटाळली.

एखाद्या विज्ञान विभागावर हे लावून पाहू. एक प्रोफेसर, दोन सहयोगी प्राध्यापक, चार सहायक प्राध्यापक, असा सात जणांचा वनस्पतिशास्त्र विभाग. प्रत्येक श्रेणीचा हिशेब वेगळा. प्रोफेसरचं पद एकच, ते खुलं. सहयोगींची दोन्ही खुली. सहायकांपैकी चौथं ओबीसी. सात जणांत एक. अनुसूचित जातीचा क्रमांक सातवा आणि जमातीचा चौदावा, आणि तितकी पदं एका श्रेणीत या विभागात नाहीतच. पद रिकामं झालं की यादी पुढे सरकते, हे खरं. पण विज्ञान विभागातलं कायम पद रिकामं व्हायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. तेवढा काळ कोणी कोणाशी भेदभाव न करताही विभाग जसाच्या तसा राहतो.

असे दहा विभाग, प्रत्येकात तीन सहायक प्राध्यापक. एकूण पदं तीस. विभागवार मोजलं तर पहिल्या भरतीत आरक्षित जागा शून्य. तीसही पदं एकत्र मोजली तर ओबीसी ८, अनुसूचित जाती ४, अनुसूचित जमाती २, चौदा जागा. टक्केवारी तीच, राज्यघटना तीच, फक्त मोजायचं भांडं बदललं.

हा हिशेब विद्यार्थी आणि शिक्षक संघटनांनी रस्त्यावर मांडला. देशभर निदर्शनं झाली, मार्च २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जुलैत कायदा झाला: केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांतल्या शिक्षक-भरतीसाठी संपूर्ण संस्था हेच एकक. उत्कृष्टता केंद्रं म्हणून काही संशोधन संस्थांना मात्र कायद्याच्या परिशिष्टात सूट मिळाली. त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था ही नावं आहेत.

परिशिष्टातली ही सूट एका जुन्या समजुतीवर उभी आहे. जिथे विज्ञान खूप उच्च दर्जाचं असतं तिथे माणसं निवडताना फक्त गुणवत्ता पाहिली जाते, अशी ती समजूत. त्या समजुतीला विज्ञानाचीच कसोटी लावता येते.

गुणवत्ता कोणाच्या नावावर?

२०१२ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा-व्यवस्थापकाच्या नोकरीचा एक अर्ज तपासायला दिला. अर्ज शब्दन् शब्द तोच. निम्म्यांना पाठवलेल्या प्रतीवर नाव जॉन, उरलेल्यांच्या प्रतीवर जेनिफर. जॉन जास्त सक्षम ठरला. त्याला वर्षाला सुमारे ३०,२०० डॉलर देऊ केले गेले, जेनिफरला सुमारे २६,५००. स्त्री प्राध्यापकांनीही पुरुष प्राध्यापकांइतकाच कल दाखवला.

२०१५ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात याच्या उलट निष्कर्ष निघाला. सहायक प्राध्यापकपदासाठी सारख्याच तोडीचे काल्पनिक उमेदवार पुढे ठेवल्यावर प्राध्यापकांनी स्त्रियांना जास्त पसंती दिली. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर एवढं तरी म्हणता येतं की नाव वाचून मत झुकतं. कोणत्या पायरीवर, कोणत्या दिशेने, ते मोजूनच कळतं.

आपल्याकडे अशीच कसोटी अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्यासह लावली, ती खासगी कंपन्यांना. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं बदलली. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या फेरीत बोलावणं येण्याची शक्यता दोन-तृतीयांश, मुस्लीम नावाला एक-तृतीयांश. हे अर्ज विज्ञान विभागांना गेले नव्हते. पण नेमणूक समितीत बसणारी माणसं याच समाजातून येतात.

यावर उपाय ‘मन स्वच्छ ठेवा’ हा नाही, तो दोन कागदांचा आहे. पहिल्या कागदावर जाहिरात निघण्यापूर्वीच लिहायचं की निवड कोणत्या निकषांवर होणार आणि प्रत्येक निकषाला किती गुण. दुसऱ्यावर मुलाखतीनंतर प्रत्येक सदस्याने आपापले गुण लिहायचे, चर्चा सुरू होण्याआधी. ज्येष्ठ सदस्याने घसा खाकरून ‘मुलगा हुशार वाटतो’ म्हटल्यावर बाकीच्यांचे गुण कसे सरकतात, हे ज्यांनी अशा समितीत काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

रात्री मोजलेल्या प्रयोगशाळा

वाट मोकळी झाली, माणूस आत आलं. आता साधनं. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स झेब्राफिश या माशांवर काम सुरू करू पाहत होत्या. टाक्यांसाठी त्यांना २०० चौरस फूट जागा जास्त हवी होती. मिळेना. आपल्याकडे इतरांपेक्षा जागा कमी आहे, असं त्या म्हणाल्या तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. शेवटी त्यांनी मोजपट्टी घेतली आणि रात्री इमारत रिकामी झाल्यावर एकेक प्रयोगशाळा मोजून काढली. त्यांच्याकडे १,५०० चौरस फूट जागा होती; त्यांच्याच दर्जाच्या पुरुष प्राध्यापकांकडे सरासरी ३,०००; त्यांच्यापेक्षा कनिष्ठ पुरुषांकडेही सुमारे २,०००.

तोपर्यंत प्रत्येक बाईला वाटत होतं की हा आपला एकटीचा प्रश्न आहे, आपलंच काही चुकतं. १९९४ मध्ये हॉपकिन्स यांनी सहकाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली. विज्ञान शाखेच्या सहा विभागांत मिळून कायम पदावरच्या स्त्रिया पंधरा होत्या आणि पुरुष १९४. एवढ्या थोड्या जणी एकत्र बसल्या आणि लक्षात आलं की पगार, जागा, पुरस्कारांसाठी नामांकन, विभागातल्या निर्णयांत सहभाग, सगळीकडे तोच नमुना आहे. अधिष्ठाता रॉबर्ट बर्जनो यांनी समिती नेमली आणि १९९९ मध्ये अहवाल निघाला. अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी तो दाबला नाही. प्रस्तावनेत भेदभाव वास्तव असल्याचं मान्य केलं. त्या कबुलीमुळे इतर विद्यापीठांनाही आपापल्या प्रयोगशाळा मोजाव्या लागल्या. २०११ पर्यंत एमआयटीच्या विज्ञान शाखेतल्या स्त्री प्राध्यापकांची संख्या ३० वरून ५२ वर गेली होती.

२०११च्या फेरआढाव्यात एक नवी अडचणही पुढे आली. प्रत्येक महत्त्वाच्या समितीवर एक तरी बाई हवी असा दंडक घातला गेला, पण बायका मुळात थोड्या. मग त्याच त्या बाई चार-चार समित्यांवर, आणि त्यांच्या संशोधनाचा वेळ समित्यांनी खाल्ला. आपल्याकडेही विभागातल्या एकमेव बाईंना तक्रार निवारण समिती, महिला दिन, रांगोळी स्पर्धा आणि पाहुण्यांचं स्वागत हे सगळं ‘आपसूक’ येतं, आणि एकमेव मागासवर्गीय प्राध्यापकाकडे शिष्यवृत्तीचे अर्ज. उपाय सोपा आहे: समितीच्या कामाचे तास लिहून ठेवायचे आणि तेवढे तास शिकवण्यातून वजा करायचे. सर्वसमावेशकतेचं काम हे विभागाचं काम मानलं तर त्याचा मोबदलाही विभागानेच द्यायला हवा.

चर्चेत जागा

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, कारण ती कुठल्याही नोंदवहीत येत नाही. विज्ञान बोलण्यातून चालतं. कोणता प्रयोग फसतोय, कोणाकडे पोस्ट-डॉकची जागा निघतेय, कोणत्या परीक्षकाला काय खटकतं, हे चहाच्या टपरीवर आणि मेसमध्ये कळतं.

मेघनाद साहा १९११ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या दुकानदाराचा, ‘खालच्या’ मानल्या जाणाऱ्या जातीतला मुलगा. वसतिगृहात त्यांना इतरांपासून वेगळं जेवायला बसवलं जाई. नऊ वर्षांनी, १९२० मध्ये, याच मुलाने ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारं आयनीभवनाचं समीकरण मांडलं. वर्गात प्रवेश होता, पंगतीत नव्हता. पंगतीबाहेर राहिलेल्या किती जणांच्या नावावर समीकरण लागलं नाही, याची गणती कोणी करत नाही.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्रीसमन यांनी नेमकी ही पंगत अभ्यासली. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास होत होते. प्राध्यापकांना कारण विचारलं तर उत्तरं ठरलेली: तयारी कच्ची, इच्छा कमी, घरचं पाठबळ नाही. ट्रीसमन यांनी आकडे तपासले तर एकही कारण टिकेना. मग ते वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या मागे वसतिगृहापर्यंत गेले. कृष्णवर्णीय मुलं शिक्षकांनी सांगितल्याप्रमाणे आठवड्याला आठ तास अभ्यास करत, पण एकेकटी. चिनी मुलं सुमारे चौदा तास देत, आणि त्यातले काही तास टोळक्याने बसून एकमेकांची उत्तरं तपासण्यात जात. आपण कुठे अडलोय ते प्रत्येकाला कळे, आणि इतरही तिथेच अडतात हेही कळे.

ट्रीसमन यांनी उजळणीचे वर्ग काढले नाहीत. ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ असा शिक्का त्यांना नको होता. त्यांनी नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटाने सोडवायला सांगितली. निकाल इतके सुधारले की ही पद्धत अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी उचलली.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्याच हार्वी मड या छोट्या कॉलेजचं. २००६च्या सुमारास तिथल्या संगणकशास्त्र विभागात मुली जेमतेम दहा टक्के होत्या. पहिल्या वर्षाच्या वर्गात शाळेपासून कोडिंग करत आलेली मुलं प्रश्नांचा भडिमार करत आणि नवख्यांना वाटे, हे आपलं क्षेत्र नाही. विभागाने वर्गाचे दोन भाग केले: आधी कोडिंग केलेले आणि न केलेले. शिकवायला जावाऐवजी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घेतली. वर्गावर छाप पाडू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन सांगितलं की तुझे प्रश्न छान आहेत, ते तासानंतर बोलू. काही वर्षांतच मुलींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास गेलं. प्रवेशाचे निकष सैल केले नाहीत. पहिल्या सत्रातला तास बदलला.

आपल्याकडे याचं रूप वेगळं असतं. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा किंवा मुलगी एफ.वाय.बी.एस्सी.ला येते आणि विषय माहीत असूनही गप्प बसते, कारण प्रश्न इंग्रजीत विचारायचा असतो. प्रात्यक्षिकाला चौघांची बॅच असते. त्यात व्हर्नियर कोणाच्या हातात असतो, स्पेक्ट्रोमीटरला डोळा कोण लावतं आणि बाजूला बसून रीडिंग कोण लिहून घेतं, हे दोन-तीन प्रात्यक्षिकांत ठरून जातं. ज्याचा हात उपकरणाला लागत नाही त्याचं जर्नल सुबक होतं आणि तोंडी परीक्षेत त्याची दांडी उडते. यासाठी सरकारी योजना लागत नाही. दर प्रात्यक्षिकाला बॅचमधली कामं आळीपाळीने बदलायची, आणि प्रश्न मराठीत विचारला तरी चालेल असं पहिल्याच तासाला मोठ्याने सांगायचं. मात्र प्रयोगशाळा सहायकाने कामांच्या पाळीचा तक्ता भिंतीवर लावलेला असावा. नाहीतर आठवडाभरात घडी पूर्ववत.

नियम आहेत, मग?

कागदावर आपल्याकडे पुष्कळ आहे. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षांची वाढीव मुदत, स्त्री संशोधकांना २४० दिवसांची मातृत्व व बालसंगोपन रजा, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमांत आलं. उच्च शिक्षणात अपंगांना ५ टक्के जागा २०१६च्याच अपंग हक्क कायद्याने दिल्या. जातीय भेदभावाच्या तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभाव-विरोधी अधिकारी असावा, हे आयोगाने २०१२ मध्येच लिहून ठेवलं. तरीही २०१९ मध्ये रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी या दोन मृत विद्यार्थ्यांच्या आयांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, या नियमांची अंमलबजावणी व्हावी म्हणून.

अंमलबजावणी केव्हा होते, याचं एक स्वच्छ उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. २००५ मध्ये तिथे विज्ञान विभागांसाठी ‘अथेना स्वॉन’ ही प्रशस्तिपत्र योजना सुरू झाली. विभागाने स्वतःची आकडेवारी मांडायची, सुधारणेचा आराखडा द्यायचा आणि कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण श्रेणी मिळवायची. सुरुवातीला प्रतिसाद बेताचाच होता. २०११ मध्ये आरोग्य संशोधनाच्या मोठ्या सरकारी निधीसाठी रौप्य श्रेणीची अट येणार असं जाहीर झालं आणि वैद्यकीय विभागांची झुंबड उडाली. २०२० मध्ये, कागदी कामाचा बोजा कमी करण्याच्या धोरणात, ती अट काढूनही टाकली गेली. निधीशी गाठ बांधली की विभाग हलतात, आणि कागदी घोडे नाचू लागले की तीच गाठ सोडवली जाते.

याच धर्तीवर आपल्या केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये ‘गती’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याचा भर प्रामुख्याने स्त्री-पुरुष विषमतेवर आहे. पण इथला विभाग नुसता पुरुषांचा नसतो. तो बहुतेकदा एका जातीसमूहाचा, एका शहराचा आणि एका शाळेच्या माध्यमाचाही असतो. या बाबी वेगवेगळ्या मोजल्या तर शहरातल्या उच्चवर्णीय स्त्रिया वाढल्या की काम झालं असं वाटेल. आकडे एकमेकांना छेद देत मांडले तरच खरं चित्र दिसेल.

म्हणून प्रत्येक विज्ञान विभागाने वर्षाला एक पान भरावं आणि ते सूचनाफलकावर लावावं. किती जणांनी अर्ज केले, मुलाखतीला किती बोलावले, किती रुजू झाले. लिंग, प्रवर्ग, अपंगत्व आणि शिक्षणाच्या माध्यमानुसार. कोणाकडे किती चौरस फूट प्रयोगशाळा आणि किती संशोधक विद्यार्थी. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे कोण आणि कायम कोण. समित्यांचे तास कोणाच्या वाट्याला किती. गेल्या पाच वर्षांत पीएच.डी. अर्धवट सोडून कोण गेलं आणि जाताना त्यांना कारण कोणी विचारलं का.

हे पान भरताना पहिल्या वर्षी भांडणं होतील. चौरस फूट मोजताना तर नक्कीच. ‘आमच्याकडे असलं काही नाही’ म्हणणारे ज्येष्ठ असतील. त्यांना मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला सांगावं. विभागातली माणसं एरवी एका रीडिंगवर विश्वास ठेवत नाहीत, त्रुटी किती ते विचारतात, प्रयोग पुन्हा करायला लावतात. तीच शिस्त त्यांनी स्वतःला लावायची, एवढीच मागणी आहे. दुसऱ्या वर्षी पान पुन्हा भरावं आणि दोन्ही पानं शेजारी ठेवावीत. आकडे हलले नसतील तर उपाय चुकीचा होता. तो बदलून पुढच्या वर्षीची तारीख तिथेच टाकावी.